सलीमभाईंच्या खुर्च्या आणि इक्बालचा सोफा

"सुहासभाऊ, एक आधीच सांगून ठेवतो. त्याच्या सोफ्याकडे बघून माझ्या खुर्च्यांचा रंग ठरवायचा नाही."

हा सलीमभाईंचा फोन सकाळी आला. दुपारी इक्बालचा आला. "सर, वन रिक्वेस्ट. सोफा हा मेन पीस आहे. खुर्च्या त्याला मॅच करा. उलटं नको प्लीज."

दोघं सख्खे भाऊ. खुर्च्या आणि सोफा एकाच सेटचे, त्यांच्या वडिलांचे. सकाळी एका पिकअपमधून दोन खुर्च्या उतरल्या, दुपारी दुसऱ्या पिकअपमधून तीन सीटचा सोफा. बहरीनमधल्या आमच्या हिद्दच्या वर्कशॉपमध्ये मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं आणि कपाळाला हात लावला. खुर्च्या मारी बिस्किटासारख्या फिकट झालेल्या. सोफा काळपट तपकिरी, हातांवर तर तेलकट चकाकी. हा एक सेट आहे असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

मी लेदर फर्निचरचा रंग परत आणण्याचं काम करतो. लोकांना वाटतं हा बूटपॉलिशचा मोठा भाऊ आहे. तसं नाही. सोफ्याच्या लेदरवर रंगाचा एक पातळ थर असतो आणि त्यावर एक पारदर्शक थर. त्याला आम्ही टॉप कोट म्हणतो. बहरीनचं ऊन खिडकीतून रोज पडलं की रंग उडतो. दिवसरात्र एसी चालला की लेदर सुकून भेगा पडतात. आणि माणसं बसतात तिथे डोक्याचं तेल आणि हातांचा घाम मुरून लेदर काळं पडतं. सलीमभाईंच्या मनामाच्या घरात खुर्च्या पश्चिमेच्या खिडकीशी होत्या, म्हणून त्या उडाल्या. इक्बालच्या मुहर्रकच्या फ्लॅटमध्ये पडदे कायम ओढलेले, म्हणून सोफा काळवंडला. दोन्हींचं मूळ एकच, पण दोन घरांत राहून दोघांनी दोन तऱ्हा केल्या.

आता हे भाऊ कोण ते सांगतो. त्यांचे वडील करीमशेठ दाभोळच्या खाडीपलीकडचे, मी गुहागरचा. म्हणजे आमच्यात फक्त खाडी. मनामाच्या बाजाराची वेस म्हणजे बाब अल बहरीन, तिच्या मागच्या गल्लीत करीमशेठचं कापडाचं दुकान. माझी बायको ब्लाऊजपीस घ्यायला अजूनही तिथेच जाते. तो लेदरचा सेट त्यांनी एका इंग्रज बँक मॅनेजरकडून घेतला होता. मॅनेजर देश सोडून चालला होता. कोकणातून नवीन आलेला माणूस पहिल्या शुक्रवारी त्याच सोफ्यावर बसून जेवायचा. मीही जेवलोय. पण तेव्हा माझं लक्ष ताटातल्या माशाकडे होतं, सोफ्याच्या रंगाकडे नव्हतं.

करीमशेठ गेले आणि दोन भावांत दुकानावरून फाटलं. इक्बालला कापड काढून रेडिमेडचा शोरूम करायचा होता. सलीमभाई म्हणाले, अब्बांच्या गजाला हात लावशील तर याद राख. इक्बाल निघून सीफ भागातल्या मॉलमध्ये एका शोरूमचा मॅनेजर झाला. सेटही तेव्हाच वाटला गेला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ईदची नमाज एकाच मशिदीत पढतात, पण वेगळ्या दाराने बाहेर पडतात. छोट्या देशात हे सोपं नसतं, त्यासाठी रीतसर मेहनत घ्यावी लागते.

काम मला दोघांपैकी कुणी दिलंच नव्हतं. ते दिलं त्यांच्या अम्माने. अम्मा राहतात सलीमभाईंकडे, शुक्रवारी जातात इक्बालकडे. त्या कायमच्या गावी जायला निघाल्या होत्या. गुडघे गेले, इथल्या लिफ्ट आणि एसीला कंटाळल्या. जाण्याआधी त्यांची एकच इच्छा होती. अब्बांचा सेट पुन्हा एकत्र लावायचा आणि त्यावर दोन्ही मुलांना बसलेलं बघायचं. दोघं मुलगे "अम्मा म्हणते म्हणून" रंगाला तयार झाले. सेट लावायचा कुणाच्या घरी, हे मात्र कुणी बोललं नाही. मी विचारलं तर अम्मा म्हणाल्या, "आधी रंग होऊ दे रे."

मी त्यांना रंगाबद्दल विचारलं. "अम्मा, मूळ रंग कसा होता, आठवतंय?"

"मला काय विचारतोस? पोरांना इचार."

"दोघं वेगवेगळं सांगतात."

"मग दोघांना उभं करून इचार. त्यांच्या तोंडातून एक रंग निघेपर्यंत ब्रश लावू नकोस. आणि घाई नाय हां. सावकाश कर."

इतक्या वर्षांत मला कुठल्या गिऱ्हाइकाने सावकाश कर म्हणून सांगितलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारी माणसं बोलण्यात शिष्टाचार सांभाळतात, तसलं काहीतरी. मी "हो हो" म्हटलं आणि कामाला लागलो.

वर्कशॉपचे मालक अबू खालिद. बहरीनी आहेत, पण हिंदी आपल्यासारखीच फाडफाड बोलतात. त्यांना एका हॉटेलच्या लॉबीचं मोठं काम मिळालं होतं आणि ठेवायला जागा नव्हती. ते खुर्च्यांभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "सुहास, ये क्या है? दोनों को ब्राऊन मारो, खलास."

"नहीं अबू खालिद. फॅमिली का झगडा है. कलर दोनों को पसंद होना चाहिए."

"दोनों भाई को पसंद?" ते हसले. "तो फिर ये सोफा इधर ही मरेगा. यल्ला, जल्दी करो, मेरे को जगह चाहिए."

मालकाला जागा हवी होती आणि मला माझी हुशारी दाखवायची होती. दोन्ही एकत्र आल्यावर काम वेगाने होतं, यात नवल नाही.

आमच्या धंद्यात मूळ रंग शोधायची एक जागा असते. सोफा उलटा केला की खाली काळं कापड ठोकलेलं असतं. ते सोडवलं की लेदर लाकडी सांगाड्याखाली दुमडून जिथे पिन मारलेली असते, ती पट्टी दिसते. तिला ऊन लागत नाही, हात लागत नाही, तेल लागत नाही. सोफा कितीही म्हातारा होऊ दे, ती पट्टी दुकानातून आणल्या दिवसासारखी राहते. मी सोफा उलटा केला, पिना काढल्या, आणि पट्टी बघून जाग्यावर बसलो. रंग बिस्किटी नव्हता. तपकिरी नव्हता. गडद, काळसर लाल होता. खुर्च्याही उलट्या केल्या. तिथेही तोच.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू? दोघंही चूक! सलीमभाई म्हणत होते फिका टॅन, इक्बाल म्हणत होता डार्क ब्राऊन. वर्षानुवर्षं ज्याने त्याने आपल्या घरचा रंग बघितला आणि तोच अब्बांचा म्हणून धरून बसला. आता भांडायला जागाच नव्हती. पुरावा लाकडाला ठोकलेला होता.

मग रंग बनवायला बसलो. रेड ऑक्साइड, त्यात काळ्याचे थेंब, जांभळ्याची किंचित झाक, मग थोडा पिवळा, कारण नुसता लाल-काळा मेलेला दिसतो. ओला रंग एक असतो आणि वाळला की दुसरा. म्हणून प्रत्येक वेळी लेदरच्या तुकड्यावर थेंब लावायचा, हेअर ड्रायरने वाळवायचा, आणि ट्यूबलाइटखाली न बघता दारात उन्हात नेऊन पट्टीशेजारी धरायचा. या नमुन्याला आम्ही स्वॉच म्हणतो. हिद्दच्या त्या उन्हात मी इतक्या फेऱ्या मारल्या की समोरच्या गॅरेजवाल्या पठाणाने विचारलं, "भाईजान, कुछ गिर गया क्या?" शेवटी एक स्वॉच असा जमला की पट्टीवर ठेवला की कडा सापडेना.

रीत अशी की गिऱ्हाइकाने स्वॉच प्रत्यक्ष बघून हो म्हणायचं, मगच स्प्रे गन हातात घ्यायची. मी विचार केला, दोघांना बोलवायचं तर एकाला सकाळी, एकाला संध्याकाळी. एकत्र आले तर वर्कशॉपमध्ये तमाशा. वेगळे आले तर तीच कथा दोनदा सांगा. त्यापेक्षा पट्टी आणि स्वॉच शेजारी ठेवून उन्हात फोटो काढला आणि दोघांना एकाच वेळी पाठवला. खाली लिहिलं, हा मूळ रंग, सोफ्याखाली सापडला, खुर्च्यांखालीही हाच आहे.

इक्बालचं उत्तर लगेच आलं. "ओह. ओके सर. प्रूफ आहे तर काय बोलणार. गो अहेड."

सलीमभाईंनी फोन केला. म्हणाले, "अब्बांचा हाच असेल तर हाच लावा. त्याने काय सांगितलं?"

"हो म्हणाला."

"लगेच?"

"लगेच."

"बरं." मग थांबून, "बरा आहे ना तो? वजन उतरलंय म्हणतात."

मी म्हटलं, बरा आहे, आणि फोन ठेवून कामाला लागलो. तेव्हा मला हा प्रश्न गप्पांचाच वाटला. माझ्या डोक्यात डिग्रीसर होतं.

डिग्रीसर म्हणजे मुरलेलं तेल ओढून काढणारं औषध. तेल राहिलं तर वर कितीही रंग मारा, महिन्याभरात सालपटं निघतात. सोफ्याचे हात आणि पाठ मी तेलकटपणा पूर्ण जाईपर्यंत पुसले. खुर्च्यांच्या भेगा फिलरने भरल्या, बारीक सॅंडपेपर फिरवला. मग रंगाचे पातळ थर, एक वाळला की दुसरा. वर मॅट टॉप कोट, कारण चकाकणारं जुनं लेदर नवीन दात लावलेल्या म्हाताऱ्यासारखं वाटतं. काम ठरल्यापेक्षा पुष्कळ लवकर आटपलं. अबू खालिद आले, त्यांनी सोफ्यावरून हात फिरवला, खुर्च्यांवरून फिरवला, आणि म्हणाले, "माशाल्ला. अब उठाओ इसको."

मी अम्मांना फोन केला. वाटलं, म्हातारी खूश होईल.

"झालं?" त्या म्हणाल्या. "येवढ्यात कसं झालं रे?"

दुसऱ्या दिवशी त्या टॅक्सी करून एकट्याच आल्या. सलीमभाईंना सांगितलंही नव्हतं. मी सेट अर्धगोलात लावून ठेवला होता. त्या दारातच थांबल्या. मग येऊन सोफ्यावर बसल्या आणि समोरच्या खुर्च्यांकडे बघत राहिल्या.

"रंग बरोबर आलाय, अम्मा?"

"हा तर. पिकल्या रतांब्यासारखा होता. तसाच आणलास."

रतांबा म्हणजे कोकमाचं फळ, अगदी तोच काळसर लाल. मी चमकलो. "तुम्हाला माहीत होता? मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर भांडले कशावरून असते?" त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. "दोघं इथे येतील, एक म्हणेल असा, दुसरा म्हणेल तसा. चांगले तास दोन तास भांडतील. भांडायला तरी बोलावं लागतं ना बेटा? मग तू चहा दिला असतास. म्हणून तर मला तुझ्याकडेच सामान पाठवायचं होतं. गावचा आहेस, मधे पडला असतास." मग त्यांनी विचारलं, "एकदा तरी आले का दोघं?"

"नाही अम्मा. मी फोटो पाठवला. दोघांनी फोनवरच हो म्हटलं."

त्या सोफ्याच्या हातावरून बोटं फिरवत बसल्या.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. म्हातारी रंगाचं निमित्त करून दोन लेकरांना एका छपराखाली आणायला आली होती. आणि मी शहाणा, तिला भांडंभर घट्ट ताक वाढून घरी पाठवत होतो. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच टॉप कोटचा डबा उचलून दुसरीकडे ठेवला. तिने मला आडून आडून सांगितलंही होतं. पण मी लेदरचं ऐकणारा माणूस. माणसांचं बोलणं मला सरळ लागतं.

"थांबा अम्मा," मी म्हटलं, "अजून काही बिघडलं नाही."

त्यांच्यासमोरच मी सलीमभाईंना फोन लावला. सांगितलं, "टॉप कोटमध्ये फरक आलाय. तुम्हाला आणि इक्बालला दोघांनाही येऊन बघावं लागेल. एकाच वेळी. नंतर तक्रार नको."

"अहो सुहासभाऊ," ते हसले, "तुमच्या कामात फरक? तुमचा शब्द म्हणजे शब्द. दुकानात गर्दी आहे. मी ड्रायव्हर पाठवतो."

इक्बालला फोन लावला. थोडं वाढवूनच सांगितलं. "सोफ्याच्या हाताला डाग आलाय. सीरियस आहे. तुम्ही आणि सलीमभाई याल तेव्हाच ठरवता येईल."

"सर, यू आर द एक्सपर्ट. टच-अप करा ना. आय ट्रस्ट यू. मला शिफ्ट सोडता येणार नाही."

आयुष्यभर मी हा विश्वास मिळवायला धडपडलो होतो. त्या दिवशी तो माझ्या आडवा आला. मी वाईट कारागीर असतो तर दोघं धावत आले असते, माझा गळा धरायला का होईना, एकत्र आले असते.

अम्मांनी दोन्ही बोलणी ऐकली. "राहू दे रे," त्या म्हणाल्या. "तू काम चांगलं केलंस."

मी शेवटची युक्ती केली. दोन्ही पिकअपना एकच वेळ दिली. वाटलं, निदान एखादा भाऊ सामान बघायला म्हणून गाडीत बसून येईल आणि दुसऱ्याची गाडी बघून थबकेल. गाड्या आल्या. सलीमभाईंचा बंगाली ड्रायव्हर, इक्बालच्या शोरूमचा मलयाळी ड्रायव्हर. दोघांनी मिळून सोफा उचलला, मिळून खुर्च्या चढवल्या, एकमेकांच्या दोऱ्या बांधल्या. मी चहा मागवला. दोघं फूटपाथवर बसून हिंदीत मालकांच्या तक्रारी सांगत मनमुराद हसत होते. मग एक गाडी मनामाला गेली, एक मुहर्रकला. अबू खालिदना हवी होती ती जागा मोकळी झाली आणि संध्याकाळी तिथे हॉटेलच्या खुर्च्या रचल्या.

अम्मा पुढच्या आठवड्यात गेल्या. विमानतळावर सलीमभाईंनी त्यांना सोडलं. ते गेल्यावर इक्बाल खांबाआडून पुढे आला आणि भेटला. हे मला अम्मांनीच गावाहून फोनवर सांगितलं, आणि सांगताना हसल्या, पण ते हसणं मला ऐकवलं नाही.

नंतर मी दोन्ही घरी गेलो. लेदरला वर्षातून एकदा क्रीम लावून द्यायचं असतं, तो आमच्या सर्व्हिसचा भाग आहे. सलीमभाईंनी खुर्च्या आता खिडकीपासून लांब ठेवल्या आहेत. मी क्रीम लावत असताना ते माझ्या डोक्याशी उभे राहिले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "त्याचा सोफा कसा आहे? याला अगदी मॅच?"

"तंतोतंत," मी म्हटलं. "आयुष्यात असं मॅचिंग मी दुसरं केलेलं नाही."

"फोटो असेल तर दाखवा की."

फोटो माझ्या फोनमध्ये होता. मी म्हटलं, "फोटोत रंग खरा येत नाही, सलीमभाई. जाऊन बघा."

"बघू," ते म्हणाले. "इंशाल्ला."

त्याच संध्याकाळी पूल ओलांडून इक्बालकडे गेलो. त्यानेही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. त्याने मान हलवली आणि मुलीला हाक मारून माझ्यासाठी ज्यूस आणायला सांगितलं. तो गेलेला नाही. सलीमभाईही गेलेले नाहीत. माझं सगळ्यात चांगलं काम हे असं आहे. ते बघायचं तर सोफा आणि खुर्च्या एका खोलीत यायला हव्यात, आणि तशी खोली या देशात अजून तयार झालेली नाही.

अम्मांचा फोन येतो मधूनमधून. रंग टिकला का, हे त्या विचारत नाहीत. विचारतात, "गेला का रे कुणी?" मी सांगतो, नाही अम्मा, अजून नाही. त्या म्हणतात, बरं, जेवलास का.

तेव्हापासून मी स्वॉचचा फोटो कुणालाही पाठवत नाही. नवराबायको असोत, पार्टनर असोत, भाऊ असोत, सगळ्यांनी वर्कशॉपला यायचं, दारात उन्हात एकत्र उभं राहून रंग बघायचा आणि तोंडाने हो म्हणायचं. लोक कुरकुरतात. अबू खालिद म्हणतात, टाइम वेस्ट. मी म्हणतो, स्क्रीनवर रंग फसवतो. धंद्याच्या दृष्टीने ते शंभर टक्के खरं आहे, त्यामुळे माझ्याशी कुणी वाद घालत नाही.